काकूंच्या टेपवरची म्हातारी

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी कळव्याहून खोपटला, आमच्या इतिहासाच्या सरांकडे जायचे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी, शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या रोमा म्हणजे जिप्सी लोकांना छावण्यांत कोंडून मारलं; त्यातून वाचलेल्यांच्या आठवणींवर सर काम करत होते. जर्मनीतली एक संशोधक बाई त्यांना मुलाखतींच्या कॅसेटी आणि सोबत इंग्रजी भाषांतर पाठवायची. टिपणं काढायचं काम माझं. टेपरेकॉर्डर मात्र काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, आणि त्यावर पहिला हक्क त्यांच्या भजनी मंडळाचा.

एका बुधवारी सर कॉलेजात होते. नवी चाल ऐकायची म्हणून काकूंनी घाईत भलतीच कॅसेट लावली. बायका टाळ सरसावून बसल्या आणि टेपमधून एका म्हातारीचा खरखरीत आवाज आला.

"सिंधी वाटते," एकजण म्हणाली.

"छे, कच्छी. आमच्या वाण्याची आई अशीच बोलते."

मी बंद करायला उठले, तर काकूंनी हात धरला. "थांब गं, ऐकू दे."

मासळी घेऊन येणारी बाळकुमची कोळीण दारात बसली होती. पाटी उंबऱ्याबाहेर, कान आत. ती ओरडली, "आवं, पानी मांगते ती!"

खरंच, पानी म्हणाली होती. मग म्हातारी मोजायला लागली. दुय... त्रिन... श्तार... प्रत्येक आकड्यापाठी 'मुलो'.

"अगंबाई, मुलं मोजतेय!"

"चार झाली की! अजून थांबेना!"

एकीच्या हातातला टाळ हसता हसता खाली पडला. मीही हसले. तेवढ्यात सर आले. चपलांसकट आत येऊन त्यांनी टेप बंद केला.

"मुलो म्हणजे मेला," ते म्हणाले. "छावणीत गेलेले भाऊ मोजतेय ती."

पडलेला टाळ कोणीतरी उचलून बाजूला ठेवला. शेवटी कोळीणच म्हणाली, "लावा परत. आता नीट आयकू."

त्या दिवशी भजन झालंच नाही. सर एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. कॉलेजात त्यांच्या व्याख्यानाला रिकाम्या खुर्च्याच जास्त असायच्या. इथे बायका मध्येच अडवत होत्या. "पण आई कुठे होती तिची?" "आणि सुटल्यावर घरी कोण होतं?" हा दुसरा प्रश्न सरांना कधी सुचलाच नव्हता. त्यांनी तो निमूटपणे लिहून घेतला.

मग काकूंनी हट्टाने एक कॅसेट भरली. सगळ्यांनी हसल्याबद्दल माफी मागितली, म्हातारीच्या आईबद्दल विचारलं, दोन अभंग म्हटले, कोळणीने खाडीची खुशाली सांगितली. सरांनी इंग्रजी कागद जोडून ती जर्मनीला धाडली.

दोन-अडीच महिन्यांनी संशोधक बाईचं पत्र आलं. म्हातारीने कॅसेट दोनदा ऐकली होती. इतक्या लांबच्या बायकांनी आपल्या आईची चौकशी केली, याचं तिला फार बरं वाटलं. फक्त एक बाई अतिशय बेसूर गाते, असं तिने आवर्जून कळवायला सांगितलं होतं.

पुढचा महिनाभर भजनी मंडळात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. ती बाई कोण, हे प्रत्येकीला पक्कं ठाऊक होतं.