बत्तीवाल्या काकांचं दुःखद निधन

ऑफिसात त्याला सगळे ‘दुःखद’ म्हणत. पाठीमागे नव्हे, चक्क तोंडावर. “दुःखद आले का?” “दुःखदना चहा द्या रे.” कारण सरळ होतं. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसून गेली सव्वीस वर्षं तो निधनाच्या बातम्या घेत होता आणि दिवसातून पंधरा-वीस वेळा ‘दुःखद निधन’ हे दोन शब्द टाइप करत होता. स्वभावाने म्हणाल, तर अख्ख्या मजल्यावर त्याच्याइतका खोडकर प्राणी नव्हता. समोर रडणाऱ्याला पाणी द्यायचा, नाव, वय, पत्ता विचारायचा, चाळीस शब्दांत माणूस नीट बसवायचा. आणि खिडकी रिकामी झाली, की शेजारच्या वधूवर-जाहिरातींच्या बाईंची खुर्ची हळूच खाली करून ठेवायचा.

जेवणाच्या सुट्टीत मात्र हा गृहस्थ सूत्रधार होता. इंटरनेटवर एक खेळ होता. त्यात पळायचं नाही, गोळ्या झाडायच्या नाहीत, नुसतं लिहायचं. एक काल्पनिक बंदर, त्यात तीनशे खेळाडू. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याचं बोलणं-वागणं आपण लिहायचं. वादळं, खडक, जकातवाले आणि उरलीसुरली बिनमालकाची पात्रं सूत्रधाराने सांभाळायची. नियम दोनच. सूत्रधाराने एकदा लिहिलेलं खोडता येत नाही. आणि सूत्रधाराच्या पात्राला कोणी प्रश्न विचारला, तर चोवीस तासांत उत्तर द्यायचं. नाही दिलं, तर खेळाडू मतं घेऊन स्वतःच उत्तर ठरवतात.

त्या बिनमालकाच्या पात्रांत एक दीपगृहाचा म्हातारा होता, बत्तीवाले काका. तोंड असं फाटकं, की विचारू नका. “अरे गाढवांनो, डावीकडे खडक आहे, डोळे काय खिशात ठेवलेत?” पण रस्ता नेहमी बरोबर सांगायचे. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. काही जण तर शिव्या खायला मिळाव्यात म्हणून मुद्दाम बोटी भरकटवायचे.

सगळ्यांत जास्त भरकटायची ती कप्तानीण. चोरटा माल आणणारी, दोन जकातवाल्यांना पाण्यात ढकलणारी, बेधडक बाई. रोज दुपारी बोट दीपगृहाखाली आणून ती काकांशी तासभर भांडायची. एकदा कप्तानिणीने लिहिलं, “पुढे बोला, लाइन मोकळी आहे.” दुःखदच्या हातातला डबा कलंडला. टेलिफोन ऑपरेटरचं हे वाक्य तो घरी वर्षानुवर्षं ऐकत आला होता. कप्तानीण म्हणजे त्याची सख्खी ताई होती!

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसली, धाकट्याला शिकवलं, लग्न राहिलं ते राहिलंच. आता निवृत्त झाली होती, गुडघे गेले होते, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या हेच तिचं जग. घरात ती मोजकं बोलायची आणि हा पेपरात डोकं घालून त्याहून मोजकं. तिथे मात्र समुद्र दणाणून सोडत होती. त्याने ओळख दिली नाही. ओळख दिली तर ती लाजून खेळ सोडेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे गंमत फार वाटत होती. दुपारी बहिणीला ‘खवीस’ म्हणायचं आणि संध्याकाळी तिच्याच हातचं गरम जेवण जेवायचं, असं सुख कुणाला मिळतं हो? असं तीन वर्षं चाललं.

आणि मग एका मंगळवारी कप्तानिणीने लिहिलं, “बत्तीवाले, बस झालं हे वरून ओरडणं. खाली उतरा. माझं वय झालंय, तुमचंही झालंय. उरलेले दिवस एका छपराखाली काढू. लग्न करता का माझ्याशी?”

बंदरात नुसता जल्लोष! पाच मिनिटांत दोनशे जणांनी ‘हो म्हणा, काका’ लिहिलं. कोणी वरातीच्या बोटीही ठरवून टाकल्या. इकडे दुःखदच्या अंगाला दरदरून घाम फुटला. नाही म्हणावं, तर ताईचं मन मोडणार. गप्प बसावं, तर उद्या दुपारी मतं पडणार आणि तीनशे माणसं मिळून त्याचं स्वतःच्या बहिणीशी लग्न लावणार. मोठ्या बहिणीशी! शी, शी, शी!

बुधवारी सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. बाहेर खिडकीवर रांग लागली होती. त्याने वादळ आणलं, लाटेने काकांना दीपगृहावरून उचललं आणि पुढचं बोटांनी आपसूक टाइप केलं, जसं ती सव्वीस वर्षं करत आली होती. “बत्तीवाले काका यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. मृत्युसमयी त्यांचे वय ६८ वर्षे होते. त्यांच्या पश्चात कोणी नाही.” पाठवलं, सुटकेचा श्वास घेतला, मग वाचलं.

अरे देवा.

अल्पशा आजाराने? माणूस लाटेने नेला होता. पण आता खोडता येत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बंदर पेटलं. खेळात एक खराखुरा डॉक्टर होता. त्याने बुडणं हा आजार नव्हे, यावर दीड पान लिहिलं. एकाने सूत्रधाराच्या हकालपट्टीसाठी सह्या गोळा केल्या. कोणी म्हणे काका जिवंत आहेत, कोणी म्हणे विषप्रयोग झाला, आणि एका शाळामास्तरांनी उद्या आपण वर्गावर जाऊ शकणार नाही, असं प्रामाणिकपणे कळवलं. दुःखद वाचत होता आणि आतून हसतही होता, खोटं कशाला बोला. मेल्यावर एवढी माणसं रडतात, हे त्याच्या खिडकीवरसुद्धा क्वचित दिसायचं.

घरी गेला तर ताई खिडकीशी बसलेली. डोळे लाल. ताट त्याचं एकट्याचंच वाढलेलं.

“काय झालं गं?”

“ओळखीतले एक गेले.”

“वय काय होतं?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

ताईने त्याच्याकडे एकदा पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि ती उठून आत गेली. दार लावून घेतलं. तो ताटावर बसला आणि वाढलेलं तसंच झाकून उठला. आता मात्र हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता खिडकीवरच्या रांगेत ताई उभी होती. हातात काठी, केस नीट विंचरलेले, मुठीत टोकन. वर्षभरात जी बाई जिना उतरली नव्हती, ती दोन मजले उतरून, रिक्षा करून आली होती आणि तिच्यापुढे चार माणसं होती. त्या चौघांच्या बातम्या दुःखदने कशा घेतल्या, त्याचं त्याला ठाऊक. एका काकूंच्या दिवंगत यजमानांचं वय त्याने दोनदा विचारलं.

ताईचा नंबर आला. तिने कागद सरकवला. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: बत्तीवाले काका, वय ६८, समुद्रात बुडून निधन.

“मृत्यूचा दाखला लागतो,” तो पुटपुटला.

“तूच दे की. तूच मारलंस.”

त्याने मान खाली घातली.

“लाटेने नेलेल्या माणसाला अल्पसा आजार जगात एकच माणूस लावू शकतो,” ताई म्हणाली. “काल वाचलं आणि वाटलं, नाही, नसेल. मग घरी येऊन वय विचारलंस.” मग तिचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. “म्हणजे मेल्या, मी तुला लग्नाचं विचारलं?”

“म्हणून तर मारलं ना गं!”

आणि ताईला हसू फुटलं. काठी हातातून सुटेपर्यंत हसली. मागे रांगेत उभी असलेली दुःखी माणसं बघतच राहिली. वधूवरवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या. तोही हसला, खिडकीच्या काचेला कपाळ टेकून.

मग ताईने डोळे पुसले, पण पाणी थांबेना. “तीन वर्षं रोज विचारायचास,” ती हळू आवाजात म्हणाली. “जेवलीस का, गुडघा कसा आहे, कालचं भांडण मनावर घेतलंस का. शिव्या देऊन विचारायचास, पण विचारायचास. घरात एक शब्द नाही. मला वाटलं, जगात एक माणूस आहे माझ्याशी बोलणारा. आणि तो तर भिंतीपलीकडे पेपर वाचत बसलाय.”

“तिथे सोपं जातं गं ताई.”

“मलाही तिथेच सोपं जातं,” ती म्हणाली. “आता तो मेला. खोडता येत नाही. मग मी कुणाशी बोलू?”

मागचा माणूस खाकरला. दुःखदने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खिडकीवर ‘बंद’ची पाटी लावली, बाहेर आला, काठी उचलून ताईच्या हातात दिली आणि तिचा दंड धरला. ऑफिसच्या जिन्यावरून दोघं एकेक पायरी उतरू लागली. त्याला बोलायचं होतं. चाळीसच्या चाळीस शब्द पळून गेले होते.

शेवटी मधल्या वळणावर, ताई दम खायला थांबली तेव्हा, तो जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला, “रोज दुसऱ्यांच्या बातम्या लिहितो. एकही लिहिताना हात थांबत नाही. पण तुझी कधी लिहावी लागली तर... मला येणार नाही, ताई. खरंच येणार नाही. त्याचीच भीती वाटते मला. म्हणून घरी तुझ्याकडे बघत नाही.”

ताईने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. तो नऊ वर्षांचा असताना घालायची तसा.

“अरे गाढवा,” ती म्हणाली, “अजून जिवंत आहे मी. बघ माझ्याकडे.”

त्याने बघितलं.