भूरो

शेठ कॉन्फरन्स रूमच्या दारातच थांबले. चारही भिंती तपकिरी होत्या.

“आ शुं छे?”

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. सिल्वासाजवळच्या मसाटच्या प्लॅस्टिक कारखान्यात मी मेंटेनन्स बघत होतो. नाशिकहून नवा आलेलो, प्रोबेशनवर.

खोली रंगवण्याआधी रघुनाथ पेंटरने भिंतीवर दोन सॅम्पल मारली होती, एक आकाशी, एक तपकिरी. रंग डब्यात वेगळा दिसतो, वाळल्यावर वेगळा. म्हणून आधी हातभर पट्टा मारून वाळू द्यायचा. शेठनी दोन्ही पट्टे पाहिले आणि जाता जाता म्हणाले, “भूरो राखो. आंखने ठंडक आपे.”

मी मान डोलावली. हिंदीत भूरा म्हणजे तपकिरी, एवढं मला येत होतं. तपकिरीने डोळ्यांना कसली थंडक, असं मनात आलं. पण शेठची आवड.

रघुनाथ धुळ्याचा, पण सिल्वासात मुरलेला. तो म्हणाला, “साहेब, एकदा शेठले विचारा. गुजरातीत भूरो म्हणजे निळा.”

“भूरा म्हणजे भूरा. तू ब्रश मार.”

परत जाऊन विचारलं असतं, तर मान उगाच डोलावली हे शेठना कळलं असतं.

आता शेठ माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “पेंटरच्या ऐकण्यात चूक झाली.”

रघुनाथ फडक्याने हात पुसत होता. पुसतच राहिला. मग म्हणाला, “हो शेठ. चूक झाली.”

खडोलीच्या नव्या शेडचं रंगकाम त्याला मिळणार होतं. त्या भरवशावर त्याने दोन भावांना धुळ्याहून बोलावून घेतलं होतं. शेठनी ते काम तिथल्या तिथे दुसऱ्याला द्यायला सांगितलं.

शिडी खांद्यावर घेऊन निघताना रघुनाथ मला म्हणाला, “गुजराती शिकून घ्या साहेब. पुढच्या पेंटरले बरं पडेल.”

दुसऱ्या दिवशी मुंबईचे बायर आले. पुन्हा रंगवायला वेळच नव्हता. बायर भिंतींकडे बघून म्हणाले, “व्हेरी सोबर.”

“में ज पसंद कर्यो,” शेठ म्हणाले. म्हणजे निवड त्यांचीच.

तपकिरी अकरा वर्षं राहिला. माझं कन्फर्मेशनचं पत्र मी त्याच भिंतींमध्ये घेतलं. शेडचं काम मात्र रघुनाथकडे परत गेलं नाही. त्याच्यासाठी मी ते मागितलंही नाही.

तेव्हापासून रंग सांगणाऱ्याला मी भिंतीवरच्या पट्ट्यावर बोट ठेवायला लावतो. हाताखालचे याला माझी शिस्त म्हणतात. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.