नाव न सांगणाऱ्यांचं मंडळ

कडीवाले हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. कोणाच्याही घरी गेले की आत पाऊल टाकण्याआधी ते दाराची कडी दोनदा वरखाली करून बघायचे, नापसंतीने मान हलवायचे आणि मगच "काय, कसं काय?" विचारायचे. अशा माणसाला गल्ली दुसरं काय नाव ठेवणार? एका कापडगिरणीत त्यांनी बावीस वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून काढली. गिरणी बंद पडली तेव्हा पन्नाशी गाठली होती. मग त्यांनी घराच्या दारावर पितळी पाटी लावली: 'स्वतंत्र सुरक्षा सल्लागार'. चार स्क्रूंनी पक्की बसवलेल्या त्या पाटीवर नाव मात्र नव्हतं. नाव उगाच कशाला लोकांच्या डोळ्यांवर आणायचं, असं त्यांचं म्हणणं.

याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत कामं मिळाली दोन: एक दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना आणि एक खताचं गोदाम. हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. बायकोने "आज कुठे होतात?" असं विचारलं की ते आवाज खाली आणून म्हणायचे, "सांगता येत नाही. गोपनीय असतं." ती एका शाळेच्या कार्यालयात कारकून होती. तिच्याकडे गोपनीय म्हणजे सहामाहीच्या प्रश्नपत्रिका, त्यामुळे ती मान डोलावून गप्प बसायची. पण संसार काही गोपनीयतेवर चालत नाही. तिच्या भावाचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, त्याला भरवशाचा माणूस हवा होता, आणि जूनपर्यंत थांबतो असं त्याने सांगितलं होतं. तोपर्यंत धड काम आलं नाही तर कडीवाले दुकानात बसणार, असं नवराबायकोत ठरलं होतं. ठरलं म्हणजे ती बोलली आणि ते काही बोलले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कड्या तपासल्या आणि आता त्या डझनावर विकायच्या, तेही मेहुण्याच्या हाताखाली, हे त्यांना पचत नव्हतं. मार्च उजाडला होता.

सगळी भिस्त आता मंडळावर होती.

स्वतंत्र सुरक्षा सल्लागारांचं हे मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत भरायचं. 'सभासदांच्या ओळखी वाढवणे व व्यावसायिक विकास साधणे' हा त्याचा उद्देश. सभासद चौदा. पहिल्या सभेला खुर्च्या गोल मांडल्या होत्या, पण दाराकडे पाठ करून बसायला एकही जण तयार होईना. अर्धा तास मानापमान झाला. शेवटी चौदाही खुर्च्या भिंतीला टेकवून एका ओळीत लावल्या, सगळ्यांची तोंडं दाराकडे. तेव्हापासून हे लोक ओळखी वाढवायचे ते एकमेकांकडे न बघता, येणाऱ्या चहावाल्यावर नजर रोखून.

कार्ड सगळ्यांकडे होती. अध्यक्षांच्या कार्डावर ढालीचं चित्र आणि फोन नंबरचे आठच आकडे होते. उरलेले दोन ते ओळख पक्की झाल्यावर तोंडी सांगायचे. कडीवाल्यांना तीन वर्षांत एक आकडा मिळाला होता, दुसरा त्यांनी स्वतःच शून्य ते नऊ लावून शोधून काढला. याचा त्यांना अभिमान होता आणि अध्यक्षांना राग.

एकदा व्यावसायिक विकासासाठी एका प्रशिक्षक बाईंना बोलावलं होतं. अर्ध्या मिनिटात आपली ओळख कशी करून द्यावी, हे त्या शिकवणार होत्या. फळ्यावर त्यांनी तीन प्रश्न लिहिले: तुम्ही कोण, तुम्ही काय करता, कोणासाठी करता. सभासदांनी ते लक्षपूर्वक वाचले. पहिला प्रश्न खासगी आहे, दुसरा गोपनीय आहे आणि तिसऱ्याचं उत्तर देणं हा गुन्हा आहे, असं अध्यक्षांनी नम्रपणे त्यांच्या लक्षात आणून दिलं. बाईंनी फळा पुसला, चहा घेतला आणि त्या निघून गेल्या. सभासदांना कार्यक्रम फार आवडला.

मंडळात मान मिळायचा तो कमी बोलण्यावर. "सध्या एका ठिकाणी आहे," असं कोणी म्हणालं की बाकीचे हुंकार भरायचे. "ठिकाण मोठं आहे," असं म्हणालं की जरा सरसावून बसायचे. अध्यक्ष तर तेवढंही बोलत नसत. ते नुसते डोळे मिटून घ्यायचे. केवढी मोठी कामं असतील या माणसाकडे, असं कडीवाल्यांना वाटायचं. आपण कुठे आहोत हे लपवणारा आणि आपण कुठेच नाही हे लपवणारा बाहेरून अगदी सारखाच दिसतो, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. खरं तर हे त्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं.

त्या महिन्याच्या सभेत त्यांना शिफारशीची चिठ्ठी मिळाली. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे ती बंद पाकिटात होती आणि तिच्यात ग्राहकाचं नाव नव्हतं. 'शैक्षणिक ठिकाण. मागील बाजूची चिंता.' एवढाच मजकूर. चिठ्ठी अध्यक्षांकडून निघून चार सभासदांच्या हातून आली होती, आणि प्रत्येकाने ती "सध्या मला वेळ नाही" असं म्हणत पुढे ढकलली होती. फोन नंबर चौथ्या सभासदाने जिन्यात गाठून कानात सांगितला.

सोमवारी सकाळी कडीवाल्यांनी घसा साफ केला आणि नंबर फिरवला.

"नमस्कार," ते भारदस्त आवाजात म्हणाले. "मी एक सल्लागार बोलतोय. तुमच्या मागील बाजूच्या चिंतेसंबंधी. नाव फोनवर सांगत नाही."

 पलीकडून बायकोचा आवाज आला, "अहो, तुम्ही? शाळेच्या फोनवर कशाला केलात? घरी काही झालं का?"

तीन वर्षांत त्यांनी तिच्या शाळेचा नंबर कधी विचारला नव्हता. ती मोबाइलवर मिळायची, मग हवा कशाला?

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ते खुर्चीत ताठ बसून होते. शाळेच्या मागच्या फाटकातून कोणीही आत येतं, गेल्या सहामाहीत एक परका माणूस थेट पहिलीच्या वर्गापर्यंत पोचला होता, आणि चार महिने मुख्याध्यापिका सल्लागार शोधत होत्या, हे सगळं त्यांना तिच्याकडून आता कळत होतं.

"चार महिने? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"बाईंनी मलाच आधी विचारलं होतं," ती म्हणाली. "तुमचे मिस्टर याच धंद्यात आहेत ना, म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, कुठे कुठे काम केलंय. मी काय सांगणार होते? मला एक तरी जागा माहीत आहे का?"

"अगं, पण गोपनीय..."

"तेच म्हटलं मी, गोपनीय असतं. त्यावर बाई हसल्या. मला लाज वाटली हो. नवरा काय करतो हे बायकोला सांगता येत नाही."

कडीवाल्यांना हे लागलं. ते उठले आणि कारण नसताना जाऊन दाराची कडी बघून आले.

गुरुवारी त्यांची मुलाखत होती. मुख्याध्यापिका साठीकडे झुकलेल्या, काटकुळ्या, समोरच्याला शब्द गिळू न देणाऱ्या. खोलीच्या कोपऱ्यात कपाटापाशी बायको फाइल काढण्याच्या निमित्ताने उभी होती.

"तुम्ही पाचवे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आधीच्या चौघांना मी एकच विचारलं, तुमचं काम कोणी पाहिलंय? चौघेही म्हणाले सांगता येत नाही. एकाने तर त्याचं नावसुद्धा सांगितलं नाही. ज्याचं नाव मला माहीत नाही, त्याच्या हातात साडेसहाशे मुलं देऊ? तुमचं काय?"

नेहमीचं वाक्य जिभेवर आलं होतं. पण कोपऱ्यात कपाटाचं दार बंद व्हायचा आवाज आला नव्हता, म्हणजे ती ऐकत होती.

"मला पाच मिनिटं द्या," असं म्हणून ते बाहेर व्हरांड्यात आले आणि त्यांनी अध्यक्षांना फोन लावला.

"नियम सात," अध्यक्ष म्हणाले. "सभासदाने आपल्या कामाबद्दल कोणालाही काहीही सांगायचं नाही. तोंड उघडलंत तर सभासदत्व गेलं म्हणून समजा."

"तुम्ही तरी काय सांगता हो अशा वेळी?"

"माझ्यावर अशी वेळच येत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि एकदम थांबले. नको ते बोलून गेल्यासारखे. फोन बंद झाला.

कडीवाले मोबाइलकडे बघत राहिले. चार महिन्यांपूर्वी हे काम पहिल्यांदा या माणसाकडेच आलं होतं. त्याला वेळ नव्हता म्हणे. मग त्यांनी दाताच्या डॉक्टरांना फोन केला आणि तुमचं नाव सांगितलं तर चालेल का, असं चाचरत विचारलं.

"अहो, सांगा की. त्यात लपवायचं काय?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बसवून घेतलेलं कुलूप मी आल्यागेल्याला दाखवतो. बोलू का मीच त्यांच्याशी?"

ते आत आले, बसले आणि बोलायला लागले. तीन वर्षांत दोन कामं, एवढं म्हणायलाच त्यांना पाणी प्यावं लागलं. दवाखान्याचं नाव दिलं, डॉक्टरांचा नंबर दिला, दहाच्या दहा आकडे. गोदामाच्या मालकाची परवानगी अजून घेतलेली नाही, घेऊन सांगतो म्हणाले. मग गिरणीचं निघालं.

"तिथे सहा महिने कापड चोरीला जात होतं. मी पुढच्या फाटकावर छाती काढून उभा. माल जायचा मागून, रद्दीच्या गाडीतून. त्या गाडीच्या पासवर रोज सही कोणाची, तर माझी. ड्रायव्हर रोजचा, ओळखीचा, हसून बोलायचा. म्हणून मी कधी ताडपत्री उचलली नाही. शेवटी उचलली ती माझ्याच मदतनिसाने. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी बघतो, इथे असा कोण आहे, ज्याला कोणीच काही विचारत नाही. आज मी तुमच्या मागच्या फाटकातून आलो. गजातून हात घातला की बाहेरून कडी निघते. वाटेत तिघांनी मला पाहिलं. एकाने किती वाजले विचारलं. तुम्ही कोण, हे कोणीच विचारलं नाही."

मुख्याध्यापिकांनी पेन खाली ठेवलं. "सोमवारपासून या," त्या म्हणाल्या.

कपाटाचं दार तेव्हा कुठे बंद झालं.

आठ दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. 'मंडळाच्या एका सभासदाने एका ठिकाणी एका व्यक्तीसमोर काही माहिती उघड केली आहे. सदर सभासदाचे सभासदत्व रद्द करण्यात येत आहे. त्यांनी हे पत्र वाचून नष्ट करावे.' सभासद कोण हे लिहिणं नियमात बसत नव्हतं, आणि एकालाच पत्र पाठवलं तर त्याचं नाव फुटणार. म्हणून अध्यक्षांनी ते चौदाही जणांना पाठवलं. आता कधी ना कधी कोणापाशी तरी बोलला नाही असा माणूस कुठे सापडणार? कोणी मेव्हणीपाशी बढाई मारलेली, कोणी न्हाव्यापाशी. प्रत्येकाला वाटलं, गेलो आपणच. पुढच्या दुसऱ्या शनिवारी वरच्या खोलीत एकटे अध्यक्ष आले आणि भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून सात वाजेपर्यंत बसून राहिले. शाळेच्या अहवालाच्या प्रती काढायला गेलेल्या कडीवाल्यांना झेरॉक्सवाल्याने हे सांगितलं, तेव्हा त्यांना हसू आलं आणि मग वाईटही वाटलं.

मागच्या फाटकाचं काम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं. कडीवाले दिवसभर तिथे उभे राहणार होते. मेहुण्याला नकार कळवून झाला होता. संध्याकाळी ते टेबलावर अहवालाच्या प्रती जुळवत बसले होते आणि बायको समोर बसून कोपरे टाचून देत होती. महिनाभर पोटात ठेवलेला प्रश्न तिने तेव्हा बाहेर काढला.

"तीन वर्षांत कामं दोनच. मग रोज सकाळी नऊला बॅग घेऊन जात कुठे होतात?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. "बागेत," ते म्हणाले. "जुन्या पाण्याच्या टाकीजवळच्या. बाकावर बसायचो."

"संध्याकाळपर्यंत?"

"हो."

"आणि डबा?"

"तिथेच खायचो."

 स्टेपलर तिच्या हातात तसाच राहिला.

"घरात चांगला डबा एकच," शेवटी ती म्हणाली. "स्टीलचा. तुम्हाला मोठ्या लोकांसमोर उघडावा लागेल म्हणून तो तुम्हाला देत होते. मी तीन वर्षं त्या तडा गेलेल्या प्लास्टिकच्या डब्यातून खाल्लं."

कडीवाल्यांची मान खाली गेली.  तिने पुढची प्रत ओढून घेतली आणि टाचली.

"उद्यापासून शाळेतच जेवा," ती म्हणाली. "माझ्यासमोर. मला दिसेल असं."