लाल झेंडीचं फूल

वेंडेल श्रोडर एरवी देवमाणूस. आयोवातल्या त्या गावात चौतीस वर्षं त्यानं टपाल वाटलं. गाडी बर्फात रुतली तरी कुणाचं पत्र उद्यावर टाकलं नाही, की अंगावर येणाऱ्या कुत्र्याला वाकडा शब्द बोलला नाही. पण परसातल्या डेलिलीच्या फुलझाडांपुढे उभा राहिला की हाच माणूस असा काही खडूस व्हायचा, की विचारू नका.

डेलिलीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमललं की रात्रीपर्यंत मान टाकतं, दुसऱ्या दिवशी शेजारच्या कळीची पाळी. वेंडेल एका फुलाचे पराग चिमट्यानं दुसऱ्याला लावायचा, बी धरायचा, रुजवायचा आणि तीन वर्षं वाट बघायचा. रोप पहिल्यांदा फुललं की पहाटे कॉफीचा मग हातात घेऊन त्याच्यापुढे उभा. पांढरी झेंडी रोवली तर रोप राहिलं. लाल रोवली तर त्याच दिवशी उपटलं. पांढऱ्या झेंड्यांचा गठ्ठा वर्षानुवर्षं तस्साच पडून होता. लाल झेंड्या मात्र दर उन्हाळ्यात नव्या आणाव्या लागायच्या.

हा सगळा खटाटोप बायकोसाठी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये, केक कापता कापता, गड्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की आर्लीनच्या नावाचं फूल मी स्वतः तयार करणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला आता अठरा वर्षं होऊन गेली. दर वर्षी काहीतरी नडायचं. कधी रंग मळकट, कधी पाकळी अरुंद, कधी देठ लेचापेचा. असल्या फुलाला तिचं नाव कसं द्यायचं?

आर्लीनला सगळीच फुलं आवडायची, त्यामुळे तिच्या मताला त्याच्या लेखी काडीची किंमत नव्हती.

"हे बघ ना, किती गोड आहे," ती म्हणायची.

"तुला सगळंच गोड. नवरासुद्धा तसाच निवडलास."

"तेव्हा माझ्याजवळ लाल झेंडी नव्हती ना रे म्हाताऱ्या."

यंदा मात्र थट्टेचा जोर जरा ओसरला होता. घर विकलं होतं. सप्टेंबरात लेकीच्या गावी, तिसऱ्या मजल्यावर राहायला जायचं. तिथली बाल्कनी दोन कुंड्यांची. म्हणजे वाफ्यात उरलेली चाळीस रोपं हा वेंडेलचा शेवटचा डाव. जुलैचा तिसरा आठवडा उजाडेपर्यंत एकोणचाळीस रोपांना लाल झेंडी लागली. चाळिसाव्याची कळी मंगळवारी उमलली, आणि फूल निघालं खोकल्याच्या औषधाच्या रंगाचं.

वेंडेल बराच वेळ तसाच उभा राहिला. कॉफी गार झाली. त्याला नुसतं वाईट वाटलं नाही, लाज वाटली. सगळ्या गावासमोर बायकोला एक शब्द दिला होता, तोही पाळता आला नाही. त्यानं कुदळ घेतली आणि रोप मुळासकट काढलं.

त्याचा गुडघा बदलल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, काढलेली रोपं गॅरेजमागे नेऊन टाकायचं काम आर्लीनचं होतं. तिथे उतार आहे, तू फिरकायचंसुद्धा नाही, असं तिनं डॉक्टरपेक्षा मोठ्या आवाजात बजावलं होतं. पण आज ती जत्रेच्या तयारीला चर्चच्या स्वयंपाकघरात गेली होती. वेंडेल गॅरेजच्या भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत निघाला आणि कोपऱ्यावर येऊन जागच्या जागी थबकला.

कचऱ्याच्या ढिगाचा पत्ता नव्हता. कुंपणापासून थेट मक्याच्या शेतापर्यंत फुलंच फुलं. पिवळी, शेंदरी, जांभळट, दुरंगी. दीडएकशे रोपं रांगेनं लावलेली, बुडाशी गवत अंथरलेलं. गेल्या चार वर्षांत त्यानं नाक मुरडून हाकललेलं एकूण एक रोप तिथे सुखानं नांदत होतं. आणि मधोमध एक झुडूप असं, की वेंडेलनं हातातलं रोप खाली ठेवलं. सायीच्या रंगाची पाकळी, तिला झालर, मध्ये गडद द्राक्षी कडं, आत हिरवा गळा. ताठ देठांवर सात फुलं एका वेळी उमललेली. त्यानं पालथ्या बादलीवर बसकण मारली आणि तो हसायला लागला. हसता हसता डोळे भरून आले.

दोन तासांनी आर्लीन परतली तेव्हा तो तिथेच होता.

"गुडघा," ती एवढंच म्हणाली.

"गुडघा गेला खड्ड्यात. हे मी उपटलं होतं?"

"तीन वर्षांपूर्वी. एकच फूल आलं होतं, तेही मुडपलेलं."

पहिल्या वर्षीच्या फुलावरून रोप जोखायचं नसतं, रोपाला दोन उन्हाळे तरी द्यायचे, हे वेंडेल नवख्यांना दहादा बजावायचा. स्वतः मात्र आर्लीनच्या नावाच्या घाईत एकाही रोपाला दुसरा उन्हाळा बघू दिला नव्हता.

"मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर झेंड्या घेऊन इथेही आला असतास. तीन तीन वर्षं तू लेकरासारखं वाढवायचंस, आणि मी नेऊन फेकायचं? माझ्यानं नाही झालं."

"आणि याचे आईबाप कोण?"

"मला काय ठाऊक. त्यांच्या नावांच्या पाट्या उपटताना तूच काढून घ्यायचास."

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं नव्या फुलाच्या नोंदणीचा फॉर्म काढला. आईबापाच्या रकान्यात 'माहीत नाही' असं लिहिलं. नावाच्या रकान्यात 'आर्लीन' लिहिलं, थांबला, आणि त्याच शब्दापुढे भर घातली: 'आर्लीननं जपलेलं'.

तिनं वाचलं.  एरवी सगळ्याला गोड म्हणणारी बाई आज नुसती चष्मा काढून एप्रनच्या टोकानं पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडेल तिचा हात धरून पुन्हा गॅरेजमागे उतरला. काखेत पांढऱ्या झेंड्यांचा तो जुना गठ्ठा होता. पहिल्या रांगेपासून त्यानं एकेका रोपाशेजारी झेंडी रोवायला सुरुवात केली. शेवटच्या दोन रांगांना झेंड्या पुरल्या नाहीत.