तरोट्याचा लेप आणि मेहकरचे पाहुणे

मॅट्रिक झाले त्या वर्षी माझ्या दोन्ही तळहातांवर इसब उठला आणि अख्ख्या उंद्री गावाला वैद्य होण्याची संधी मिळाली. शेजारच्या काकूंनी निंबाचा पाला उकळून दिला. हात पोपटी झाले, खाज तशीच राहिली. शाळेतल्या एका मास्तरांनी बिब्बा लावायला सांगितला. त्यानं असे फोड आले की आठ दिवस मावशी मला घास भरवत होती. मास्तर म्हणाले, "औषध लागू पडून राह्यलं."

आई नव्हती, म्हणून मावशी आमच्याकडे राहायची. तिचा भरवसा तरोट्यावर, म्हणजे रानातल्या टाकळ्यावर. त्याचं बी आंबट ताकात भिजवायचं, वाटायचं आणि तळहातावर थापायचं. थोडा वेळ खाज थांबायची, हे खरं. वास मात्र असा, की वडील जेवायला ओसरीवर जायचे.

त्यातच मला बघायला मेहकरहून पाहुणे यायचे होते. रविवारचं ठरलं होतं, ते शनिवारीच उतरले. मी अंगणात दोन्ही हात पसरून लेप वाळवत बसलेली. मुलगा, त्याची आई, आणि मध्ये लपायला काहीच नाही.

वडील घाईनं म्हणाले, "मेंदी लावली हाय पोरीनं."

मुलाच्या आईनं नाक मुरडलं. "मेंदी ताकात कालवता का तुमच्या इकडे?"

वडिलांना खोकला आला. मला एकाएकी त्या सगळ्याचा कंटाळा आला. मी म्हटलं, "मेंदी नाही. इसब आहे. तरोट्याचं बी लावलंय."

"लागतो का तो दुसऱ्याले?" त्यांनी पदर सावरत विचारलं.

मी उत्तर देण्याआधी मुलगाच बोलला. "फरक पडला का तरोट्यानं?"

"खाज थांबते जराशी. मग पुन्हा आहेच."

"मी करंजीचं तेल लावतो. तसंच होते." त्यानं पायजमा वर केला. घोट्यावर माझ्यासारखाच लाल, खरबरीत चट्टा.

"झाक ते," त्याची आई म्हणाली.

आता वडिलांना धीर आला. "आम्हाले काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही तरी कुठं सांगत होते?"

तेवढ्यात मावशीनं सगळ्यांसाठी चहा ठेवला. त्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं.

पुढे बुलढाण्याच्या एका डॉक्टरनं दोघांना तपासलं. पाल्याबियांनी कुणाकुणाला आराम पडतो, रोग मुळातून जात नाही, आणि बिब्ब्याला हात लावाल तर माझ्याकडे येऊ नका, असा त्यानं दम भरला. त्याच्या मलमानं चट्टे बरेच उतरले. लागण होत नाही, हेही त्यानं सासूबाईंना समोर बसवून सांगितलं.

तरी त्या माझं ताट वेगळं ठेवायच्या. नवऱ्याचं मात्र त्यांच्या ताटाशेजारी. त्याचा इसब बहुधा खानदानी होता. दोन वर्षं मी ते चालू दिलं. मग एका दुपारी पानं वाढली तेव्हा मी सरळ सासूबाईंच्या ताटावर बसले आणि जेवायला लागले. त्या भाकरी हातात धरून बघत राहिल्या. नवरा खाली मान घालून हसत होता. शेवटी त्यांनी माझं वेगळं मांडलेलं ताट स्वतःपुढे ओढून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "मीठ दे इकडे."