साडूंची अर्धी चाल

आमच्या साडूंइतकं घाबरून गाणी ऐकणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. मी जिल्हाभर फिरून खात्री केलेली नाही, तेव्हा हे विधान माझ्या पाहण्यापुरतंच घ्यावं. पण संगमनेरपासून सावेडीपर्यंत आमचं जेवढं गणगोत आहे त्यात तरी ते एकटेच. इतर लोक गाणं लागलं की मान डोलावतात, पाय हलवतात, निदान गप्पा मारतात. साडू मात्र तपासणीचा निकाल ऐकायला बसल्यासारखे श्वास धरून बसतात. गाणं संपलं की मोठा सुस्कारा सोडतात, आणि मग जे बोलायला लागतात ते थांबवायला त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, स्वयंपाकघरातून यावं लागतं.

साडूंची सगळी नोकरी संगमनेरला दूध संकलनावर फॅट तपासण्यात गेली. कुठल्या कॅनमध्ये पाणी पडलंय हे यंत्राने सांगायच्या आधी त्यांना दिसायचं, असं ते स्वतः सांगतात. तीच नजर त्यांनी जुन्या विलायती रॉक बँडांना लावली. त्यांचं म्हणणं असं, की जगात नवी चाल म्हणून काही निघत नाही. अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांनी गाणी म्हटली, ती तबकड्यांवरून इंग्लंडला गेली, तिथल्या पोरांनी ती विजेच्या गिटारवर चढवून दणदणीत आवाजात परत अमेरिकेला पाठवली, त्यांचं ऐकून दुसऱ्यांनी ती जाड केली, तिसऱ्यांनी पळवली, आणि शेवटी तीच मुंबईच्या सिनेमातून येऊन आपल्या गणपतीपुढे वाजायला लागली. "म्हैस अमेरिकेची, गवळी इंग्लंडचा आणि रतीब आपल्या दारात," असं ते म्हणतात. हे सगळं खरं असेलही, पण ते कुठे बोलावं याला काही मर्यादा आहे. एका बारशाला पाळण्यावरच्या खेळण्यातून बारीक घंटांची चाल वाजत होती. बायका नाव ठेवायला वाकल्या, तेवढ्यात साडू बाळाच्या आजोबांना म्हणाले, "ही चाल चोरीची आहे बरं का." आजोबांनी खेळणं लगेच काढून ठेवलं. त्यांना वाटलं, पोलीस येतील.

एवढे बँड तोंडपाठ असलेल्या या माणसाने एक बँड मात्र जन्मात कधी स्वतःहून लावून ऐकलेला नव्हता. चौघांचा, इंग्लंडचा, भलताच गाजलेला. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे साडू त्या बँडचं नाव घेत नाहीत. 'ते चौघं' म्हणतात. म्हणून मीही इथे घेत नाही. एकदा माझ्या मुलीने आम्हाला सावेडीतल्या नव्या कॅफेत नेलं. कॉफी आली आणि वरच्या स्पीकरवर ते चौघं सुरू झाले. साडू उठले, बाहेर जाऊन भर उन्हात स्कूटरच्या रांगेत उभे राहिले. कॉफी गार झाली. मी आणखी एक मागवली, तीही गार झाली. मला वाटलं, छातीत दुखत असणार. लग्नाकार्यात, प्रवासात, त्यांच्यासोबत असताना कुठून काय वाजेल याची धास्ती मीच घ्यायला लागलो.

कारण कळलं ते माझ्या मुलीमुळे. तिने गिटारवर स्वतःची एक चाल बसवली आणि हौसेने काकांना ऐकवली. काकांनी डोळे मिटून ऐकली आणि कुठला तुकडा कोणत्या बँडचा, त्यांनी तो कोणाकडून उचललेला, अशी थेट कापसाच्या शेतापर्यंत वंशावळ सांगून टाकली. पोरगी लालबुंद झाली. "काका, तुम्ही एकदा तुमची चाल वाजवा ना. बघू तिच्यात किती पाणी निघतंय!"

साडूंचा चेहरा उतरला. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आहे एक."

संगमनेरला कॉलेजात असताना त्यांनी एक चाल बांधली होती. गॅदरिंगला ती वाजवायला उभे राहिले, आणि मध्यावर तार तुटली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. साडू स्टेजवरून उतरले ते परत कधी चढले नाहीत. चाल तिथेच अर्धी राहिली. पण खरी भीती वेगळीच होती. वसतिगृहात त्यांच्या शेजारच्या खोलीतला मुलगा वर्षभर त्या चौघांचीच कॅसेट लावायचा. "भिंतीतून झोपेत कानात काय गेलं असेल, कोण सांगणार?" साडू म्हणाले. "आयुष्यात एवढी एकच गोष्ट माझी म्हणून आहे हो. तीही त्यांची निघाली तर?" जगाचं पाणी काढणारा हा माणूस स्वतःचा कॅन उघडायला घाबरत होता. मुलीने निमूटपणे गिटार त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती अर्धी चाल वाजवली, आणि तार शाबूत असूनही बरोबर तिथेच थांबले.

पुढे मुलीचं लग्न ठरलं. नवरदेवाची मिरवणूक निघाली, पुढे टेम्पोवर कोल्हारची बेंजो पार्टी. मी मुलीचा बाप, माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे आणि अर्धं पंगतीकडे. तेवढ्यात वाजणं बंद पडलं. बघतो तर आमचे साडू, फेटा तिरका, टेम्पोच्या पुढे दोन्ही हात पसरून उभे.

"ही चाल कुठनं घेतली?"

बेंजोवाला वरून ओरडला, "आवो पाव्हनं, बाजूला व्हा, घोडं बिथरंल!"

"आधी सांगा, कोणाची चाल?"

"आमच्या पार्टीची हाय. तात्यानं बशिवल्याली. नगरापासनं मनमाडपत्तोर समदे आमचीच उचलत्यात."

"तात्या कुठे असतात?"

"कोल्हारला. आता वाजवत न्हाईत, बोटं आखडल्यात. तुमाला लगीन लावायचंय का न्हाई?"

मी साडूंचा दंड धरून त्यांना ओढत नेलं. मुहूर्त टळला नाही, एवढंच सांगतो. अक्षता टाकता टाकता ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "माझीच होती. पुढे शेवटसुद्धा होता तिला. म्हणजे मी या बेंजोवाल्यांकडून घेतली नाही, आणि त्यांनी माझ्याकडून घेणं शक्य नाही. दोघांनीही एकाच ठिकाणाहून घेतली असणार. चौघांकडून!"

पाहुणे पांगल्यावर मी त्यांना गाडीत घालून कोल्हारला निघालो. मनमाड रोडवर राहुरीला चहाला थांबलो तर म्हणाले, "परत फिरू या का? ते म्हणाले कॅसेटवरनं घेतली, तर काय करायचं?" मी म्हणालो, "साडू, फॅटचा आकडा वाईट असला तरी माहीत असलेला बरा." त्यांना काही ते पटलं नाही. चहा अर्धा टाकून ते गाडीत बसले आणि प्रवरेचा पूल येईपर्यंत काच वरखाली करत राहिले.

तात्या दारात खाटेवर बसले होते. गाण्याचं विचारल्यावर खुलले. "लई जुनी गोस्ट. तवा आमचा मंडपाचा धंदा हुता. संगमनेरच्या कालेजात ग्यादरिंगचा मांडव आमीच घातल्याला. एक काडीसारकं पोरगं डोळं मिटून गिटार वाजवीत हुतं. काय चाल हुती म्हाराजा! आन् तटकन् तार तुटली. पोरं लागली शिट्ट्या मारायला, त्ये बिचारं पळालं. मी म्हनलं, येवढी चांगली चाल अर्दी कशी सोडायची? मंग शेवट आपला आपन घातला."

मीच सांगितलं, "तात्या, ते पोरगं म्हणजे हेच."

तात्यांनी साडूंच्या पोटापासून चष्म्यापर्यंत नजर फिरवली. "ह्ये? न्हाई बा. त्ये लई बारीक हुतं."

आता साडू रडतील असं मला वाटलं. पण सवय कुठे जाते! त्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, "तात्या, शेवटचा तुकडा तुम्ही कुठनं घेतलात?"

"कुठनं म्हंजी?" तात्या हसायला लागले. "आरं बाबा, कानाला काय दार हाय व्हय, कोन आलं कोन गेलं बघायला? जत्रंत आयकलं आसंल, शिनेमात आयकलं आसंल. बोटं चालली, म्या चालू दिली. तू कुठनं घेत्ली हुती रं?"

साडू म्हणाले, "बघावं लागेल."

परतीच्या वाटेवर त्यांनी मला गाडी कडेला, एका लिंबाखाली घ्यायला लावली. म्हणाले, "तुमच्या मोबाईलवर त्या चौघांना लावा." का, ते विचारायची मला भीती वाटली, मी लावलं. एकामागून एक गाणी झाली. उसाचे ट्रक जात होते, तेव्हा ते मोबाईल कानाला लावत. मला गाण्यातलं काही समजत नाही, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होतो. एका गाण्याच्या मध्यावर त्यांनी हात वर केला. मी गाणं थांबवलं.

"तीन सूर," साडू म्हणाले.

"म्हणजे?"

"सुरुवातीचे तीन सूर त्यांचे आहेत. भिंतीतून आलेले. पुढचं सगळं माझं. आणि शेवट तात्यांचा."

मला हा हिशेब आवडला. कुठेच काही शिल्लक राहत नव्हतं. साडू खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्या चौघांनी ते तीन सूर कुठनं घेतले असतील हो?" पण या वेळी त्या विचारण्यात तपासणी नव्हती. दूरच्या नातेवाइकाची ख्यालीखुशाली विचारावी, तसा आवाज होता.

आता मुलगी सासरी आहे. तिची गिटार साडू संगमनेरला घेऊन गेलेत. लग्नसराईत सावेडीच्या आमच्या रस्त्यावरून मिरवणूक जाते, ती चाल ऐकू येते, आणि मी हातातलं काम टाकून गॅलरीत जातो. पार्ट्या वेगवेगळ्या असतात. चाल संपली की मी संगमनेरला फोन लावतो.

"वाजली," मी सांगतो.

"शेवट?"

"यांनी थोडा बदललाय."

"बदलू दे," साडू म्हणतात. मग जरा थांबून, "कसा बदललाय, जरा म्हणून दाखवता का?"

मला सूर कळत नाही. मी जे म्हणतो ते चुकीचंच असणार. तरी म्हणतो, आणि तिकडे साडू एक शब्दही न बोलता ऐकत असतात.