आईचा कोल्हापुरी आवाज

ग्लासगोतल्या माझ्या खोलीचं दार वाजलं. शेजारच्या स्कॉटिश आजी हळूच विचारत होत्या, "कोणी रागावलंय का तुझ्यावर?"

फोनच्या स्पीकरवर कोल्हापूरहून आई गरजत होती, "अजून जेवली न्हाईस? येऊन बडवू काय तुला?"

इंग्रजी शाळेने मला हळू बोलायला शिकवलं. इथेही मी कुणाच्या नजरेत न येता राहते. पण आमच्याकडे माया मोठ्यानेच करतात. आवाज खाली आला, तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघतात.

"आई आहे, लाड करतेय," मी लाजत आजींना म्हणाले.

"कोण गं ती? आत घे की, जेवू घाल तिला!" आई ओरडली.

आजी दचकून मागे सरकल्या. मी हसत त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं. माझ्या खोलीत आलेल्या त्या पहिल्याच पाहुण्या.